व्यापार करारात पगाराचा आकडा कुठं लिहिलेला असतो?

2 एप्रिल 2025 रोजी डोनाल्ड ट्रम्प व्हाइट हाऊसच्या बागेत एक मोठा तक्ता हातात धरून उभे राहिले. एका बाजूला देशांची नावं, समोर टक्के. कोणत्या देशाच्या मालावर अमेरिका किती आयात शुल्क लावणार, त्याची ती यादी होती. हे सगळं अमेरिकी कामगारासाठी चाललंय, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी, की 1993 च्या डिसेंबरात बिल क्लिंटन यांनी नाफ्टा या उत्तर अमेरिकी व्यापार कराराच्या कायद्यावर सही केली तेव्हा त्यांनीही नोकऱ्यांचंच नाव घेतलं होतं. तो करार तर शुल्क काढून टाकण्यासाठी होता. म्हणजे भिंत पाडणारा कामगाराच्या नावानं पाडतो आणि बांधणाराही कामगाराच्याच नावानं बांधतो.

मग खरं कोणाचं? माझ्या मते दोघंही अर्धाच प्रश्न विचारतात. शुल्क किती, हा आकडा सोपा असतो, बातमीच्या मथळ्यात मावतो. पण कामगाराच्या हातात महिनाअखेर किती पडणार, हे ठरवणारी कलमं करारात बरीच आत असतात. काही कलमं तर करारात नसतात, आणि ती नाहीत हेच त्यांचं काम असतं.

देश एकमेकांशी व्यापार का करतात

आयात शुल्क म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सीमेवर घेतलेला कर. तो देशात माल आणणारा व्यापारी भरतो आणि शक्य तेवढा पुढे गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकतो. दोन किंवा अधिक देशांनी हे कर कमी करायचं ठरवलं की तो मुक्त व्यापार करार. या लेखापुरते एवढे दोन शब्द पक्के असू द्या.

कर कमी करण्यामागचा युक्तिवाद दोनशे वर्षांहून जुना आहे. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थतज्ज्ञानं 1817 मध्ये पोर्तुगाल आणि इंग्लंडचं उदाहरण घेतलं. त्यात पोर्तुगाल वाइन आणि कापड दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमात बनवतो. तरीही त्यानं वाइनच बनवावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, यात दोघांचं भलं आहे, असं रिकार्डोनं दाखवलं. घरातल्या दोन भावंडांचं बघा. थोरली हिशेबही झटपट करते आणि इस्त्रीही. धाकटा दोन्हीत मंद, पण हिशेबात फारच मंद आणि इस्त्रीत जरा बरा. थोरलीनं हिशेब धरला आणि धाकट्यानं इस्त्री, तर दोन्ही कामं लवकर उरकतात. गणितात काही चूक नाही.

पण रिकार्डोच्या गणितात एक गोष्ट गृहीत होती, आणि ती त्यानं लपवलीही नव्हती. कापूस, वाइन, कापड सीमा ओलांडणार. भांडवल मात्र मायदेशीच राहणार. इंग्लंडचा गिरणीवाला आपली गिरणी उचलून पोर्तुगालला नेणार नाही, असं त्याला वाटत होतं. आजचा व्यापार याच्या नेमका उलटा चालतो. माल तर जातोच, पण कारखाना, यंत्रं, डिझाइन, पैसा सगळंच जातं. जात नाही तो फक्त कामगार. त्याला व्हिसा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘देशाचा फायदा’ या शब्दात सगळे एकत्र कोंबलेले असतात. वोल्फगँग स्टोल्पर आणि पॉल सॅम्युएलसन यांनी 1941 मध्येच मांडलं होतं, की व्यापार खुला झाल्यावर देशाची एकूण बेरीज वाढली तरी देशातल्या एखाद्या गटाचं उत्पन्न खरोखर घटू शकतं. ज्या देशात भांडवल मुबलक आणि मजूर त्या मानानं दुर्मीळ, तिथं घटण्याची पाळी मजुरावर येते. यावर अर्थशास्त्राचं उत्तर ठरलेलं: ज्यांचा फायदा झाला त्यांनी नुकसान झालेल्यांना भरपाई द्यावी, तरीही सगळ्यांच्या पदरात काहीतरी उरेल. अमेरिकेनं त्यासाठी 1962 मध्ये खास योजनाही काढली. आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता. ती नेहमीच तोकडी होती, आणि 2022 च्या जुलैपासून तिची मुदत संपली, नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. व्यापार चालू राहिला, भरपाईच बंद पडली.

फायदा सगळीकडे थोडा थोडा, नुकसान एकाच गावात

11 डिसेंबर 2001 रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. पुढे काय झालं याचा बारकाईनं अभ्यास डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या तिघांनी केला. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हिशेबानं 1999 ते 2011 या काळात चिनी आयातीच्या स्पर्धेमुळे अमेरिकेत 20 ते 24 लाख नोकऱ्या गेल्या. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा फार नाही, असं कोणी म्हणेल. पण त्या नोकऱ्या देशभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. फर्निचर, कपडे, खेळणी, विजेची उपकरणं बनवणाऱ्या ठरावीक भागांत त्या एकवटल्या होत्या.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात अशा वेळी माणसं उठून दुसऱ्या गावी जातात, दुसरा धंदा शिकतात. प्रत्यक्षात बहुतेक जण गेले नाहीत. घर विकायचं तर घेणार कोण, सगळ्या गावाचंच काम सुटलेलं. आईवडील तिथंच, मुलांची शाळा तिथंच. दहा वर्षांनंतरही त्या भागांतली मजुरी आणि रोजगार सावरले नव्हते. स्वस्त खेळण्यांचा फायदा मात्र देशातल्या प्रत्येक घरात थोडा थोडा पोचला. कोणाच्या लक्षात येणार नाही इतका थोडा.

नोकऱ्या गेल्या, हा भाग एव्हाना बराच चर्चेत आलेला आहे. ज्यांच्या नोकऱ्या राहिल्या त्यांचं काय झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पगार ठरतो तो ‘मी निघालो’ म्हणण्याच्या ताकदीवर

एका टेबलाशी दोघं जण घासाघीस करतायत. एकाची गाडी बाहेर सुरू करून ठेवलेली आहे. नाही पटलं तर दोन मिनिटांत निघून जाईल. दुसऱ्याला जायला जागाच नाही. सौदा कोणाच्या बाजूनं सुटेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पगाराची बोलणी अशीच असतात. कामगार किती कुशल, कंपनीला नफा किती, हे सगळं असतंच. पण नफ्यातला वाटा कोणाकडे किती जाणार, हे उठून जाण्याच्या ताकदीवर ठरतं. कामगार एकेकटा फारसा उठून जाऊ शकत नाही, म्हणून तो युनियन करतो. सगळे एकदम उठले तर मालकालाही जागेवर बसावं लागतं.

आता नाफ्टा बघा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला हा करार 1 जानेवारी 1994 रोजी लागू झाला. कॉर्नेल विद्यापीठाच्या केट ब्रॉनफेनब्रेनर यांनी त्यानंतर अमेरिकेतल्या युनियन स्थापनेच्या निवडणुका तपासल्या. निम्म्या किंवा त्याहून जास्त ठिकाणी मालकांनी कारखाना पूर्ण किंवा थोडा बंद करण्याची धमकी दिली होती. मिशिगनमधल्या एका कारखान्यानं तर बोलण्याचेही कष्ट घेतले नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली यंत्रं लादलेले तेरा ट्रेलर दारासमोर उभे केले आणि त्यावर भडक गुलाबी पाट्या लावल्या: ‘मेक्सिकोला हलवायचं काम’. प्रचार संपेपर्यंत ते ट्रेलर तिथंच होते.

यातल्या बहुतेक धमक्या प्रत्यक्षात आल्या नाहीत, आणि येण्याची गरजही नव्हती. कारखाना हलवावा लागत नाही. हलवता येतो, एवढं सगळ्यांना माहीत असलं की पुरतं. म्हणूनच व्यापार कराराचा पगारावर किती परिणाम झाला, हे फक्त बंद पडलेले कारखाने मोजून कळत नाही. उघड्या राहिलेल्या कारखान्यात जी मागणी कोणी तोंडातून काढलीच नाही, तिची नोंद कुठल्या तक्त्यात होणार?

मग मेक्सिकोच्या कामगाराचं तरी भलं झालं असेल, असं वाटेल. कारखाने आले, नोकऱ्या आल्या, हे खरं. मजुरी मात्र अपेक्षेसारखी चढली नाही, आणि त्याचं एक मोठं कारण तिथल्या बनावट युनियन. कारखाना सुरू होण्याआधीच कंपनी एखाद्या मर्जीतल्या युनियनबरोबर करार करून टाकायची. नोकरीला लागलेल्या माणसाला आपली युनियन कोणती, करारात काय लिहिलंय, हे माहीतही नसायचं. अशा करारांना तिथं ‘संरक्षण करार’ म्हणत. संरक्षण कामगारापासून, मालकाचं. थोडक्यात, सीमेच्या उत्तरेला उठून जाण्याची धमकी आणि दक्षिणेला उठूच न देणारी युनियन. दोन्हीकडची मजुरी एकमेकींना खाली ओढत राहिली.

नोकरी देणारा एकच असेल तर

मक्तेदारी म्हटलं की आपल्याला विकणारा एकटा आणि घेणारे अनेक असं चित्र दिसतं. कामाच्या बाजारात उलटी मक्तेदारीही असते. तिथं कंपनी गिऱ्हाईक असते, माणसांचे श्रम विकत घेणारी. घेणारे थोडेच असले की भाव ते पाडतात. जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये ही कल्पना नीट मांडली. आपण तिला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणू.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. न्यू जर्सी राज्यानं 1992 मध्ये किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांची तुलना केली. जुन्या समजुतीप्रमाणे न्यू जर्सीत नोकऱ्या घटायला हव्या होत्या. तशा त्या घटल्या नाहीत. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्याचं एक सरळ स्पष्टीकरण असं, की तिथली मजुरी मुळात बाजारानं ठरवलेलीच नव्हती. मालकांच्या सोयीनं ती खाली बसवलेली होती, त्यामुळे वर करायला जागा होती. कार्ड यांना 2021 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मालक आपसात संगनमत करतात का? ॲडम स्मिथनं 1776 मध्येच लिहून ठेवलंय, की मजुरी वाढू न देण्याबाबत मालकांची सदा सर्वत्र मूक एकी असते. कधी कधी ती मूकही राहत नाही. ॲपल, गूगल, इंटेल आणि ॲडोबी यांनी एकमेकांचे इंजिनिअर फोडायचे नाहीत असं आपसात ठरवल्याचा खटला कर्मचाऱ्यांनी भरला होता. तो 2015 मध्ये 41.5 कोटी डॉलर देऊन मिटला. हे सिलिकॉन व्हॅलीतल्या, भरपूर पगाराच्या माणसांच्या बाबतीत. ज्यांच्यापाशी वकील नाही त्यांचं काय होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

आता ही उलटी मक्तेदारी सीमेपलीकडे न्या. एक बडा ब्रँड आणि त्याला माल पुरवू इच्छिणारे वेगवेगळ्या देशांतले हजारो कारखाने. ब्रँडला त्या कारखान्यांचा मालक व्हायची गरज नाही. ऑर्डर देणं आणि ऑर्डर काढून घेणं एवढंच हातात असलं की झालं. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

राणा प्लाझा आणि पँटची किंमत

23 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावर इथल्या राणा प्लाझा या आठ मजली इमारतीत तडे दिसले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर यायला सांगितलं गेलं. आला नाहीत तर पगार कापू, असं धमकावल्याचं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. 24 एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. 1,134 माणसं मेली. त्या वेळी बांगलादेशातल्या कपडा कामगाराचं किमान वेतन महिन्याला 3,000 टका होतं.

एकाच इमारतीत बँक बंद आणि कारखाना चालू, असं का? इमारतीचा मालक बेफिकीर होता, परवानगीपेक्षा जास्त मजले चढवले होते, हे सगळं खरंच. पण कारखानदारांच्या डोक्यावर तारीख होती. ऑर्डर उशिरा गेली तर दंड, माल स्वखर्चानं विमानानं पाठवायचा भुर्दंड, आणि पुढची ऑर्डर शेजारच्या देशात. बँकेच्या डोक्यावर अशी तारीख नव्हती.

या साखळीत कायदा कुठं आहे ते बघण्यासारखं आहे. ब्रँड म्हणतो, ते आमचे कामगार नाहीत. कारखानदार म्हणतो, मला मिळणाऱ्या किमतीत एवढंच परवडतं. सरकार म्हणतं, जास्त कडक झालो तर ऑर्डरी व्हिएतनामला जातील. तिघंही खोटं बोलत नाहीत, आणि तरीही जबाबदारी कोणाच्याच अंगावर येत नाही. माल सीमा ओलांडतो, नफाही ओलांडतो, कामगार कायदा मात्र चौकीवर अडतो.

दुर्घटनेनंतर एक वेगळी गोष्ट घडली. दोनशेहून जास्त ब्रँडांनी जागतिक युनियन महासंघांबरोबर इमारत आणि अग्निसुरक्षेचा करार केला, आणि तो कायद्यानं बांधणारा होता. ब्रँडनं शब्द पाळला नाही तर युनियन लवादाकडे जाऊ शकत होती. लवाद म्हणजे न्यायालयाबाहेरचा, दोन्ही पक्षांनी मान्य केलेला निवाडा. युनियन खरोखर गेल्याही. 2018 च्या सुरुवातीला एका ब्रँडनं 23 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याआधी वर्षानुवर्षं कंपन्यांच्या आचारसंहिता होत्या, तपासनीस होते, चकचकीत अहवाल होते. त्यांनी जे साधलं नाही ते या करारानं बऱ्याच अंशी साधलं: जिने, दारं, विजेच्या तारा, खांब खरोखर दुरुस्त झाले.

आणि किंमत? अभ्यासक मार्क ॲनर यांनी अमेरिकेत जाणाऱ्या बांगलादेशी पँटच्या किमती तपासल्या. राणा प्लाझानंतरच्या चार-पाच वर्षांत कारखान्याला मिळणारी किंमत सुमारे 13 टक्क्यांनी घटली होती. इमारत सुरक्षित करा, पण पँट स्वस्त द्या. त्यातून काय होतं? तासाचं टार्गेट वाढतं, ओव्हरटाइम वाढतो, शौचाला जायची वेळही मोजली जाते. 2020 मध्ये कोविड आला तेव्हा ब्रँडांनी बांगलादेशातल्या सुमारे 3 अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा लांबवल्या. त्यातला काही माल शिवून तयार होता. करारच असे असतात, की कापडाचे पैसे, शिलाईचे पैसे आधी कारखान्यानं घालायचे आणि माल रवाना झाल्यावर मग ब्रँडनं ते द्यायचे. जोखीम सगळी खालच्या पायरीवर.

कुठल्या कलमाला दात आहेत

व्यापार करार हातात पडला तर मी एक साधी गोष्ट शोधतो: हे कलम मोडलं तर काय होतं?

औषधं, सॉफ्टवेअर, ब्रँड यांच्या मालकीहक्काचं उदाहरण घ्या. 1995 च्या नियमांप्रमाणे जागतिक व्यापार संघटनेच्या बहुतेक सदस्यांना पेटंटला किमान 20 वर्षांचं संरक्षण देणं बंधनकारक आहे. एखाद्या देशानं ते दिलं नाही तर दुसरा देश तक्रार करतो, निवाडा होतो आणि शेवटी त्याच्या निर्यातीवर जादा शुल्क लावता येतं. दात आहेत.

परकी गुंतवणूकदाराला तर स्वतंत्र खिडकीच मिळालेली आहे. अनेक करारांनुसार कंपनी एखाद्या देशाच्या सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकते. तुमच्या नव्या नियमामुळे माझं नुकसान झालं, भरून द्या. व्हिओलिया या फ्रेंच कंपनीकडे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराच्या कचऱ्याचं काम होतं. 2012 मध्ये तिनं इजिप्तविरुद्ध दावा लावला, आणि त्यातल्या तक्रारींत किमान वेतनवाढीमुळे वाढलेला खर्चही होता. 2018 मध्ये कंपनी हरली. पण सहा वर्षं सरकारला वकील पोसावे लागले. पुढच्या खेपेला वेतनवाढीचा कागद टेबलावर आला की कोणीतरी अधिकारी हा खटला आठवणारच.

आणि कामगाराला अशी खिडकी? नाही. नाफ्टाला कामगारांविषयी एक जोडकरार होता. त्यात बालमजुरी, किमान वेतन आणि सुरक्षितता यांबाबत दंडापर्यंत जाण्याची लांबलचक वाट होती. युनियन करण्याच्या आणि संपाच्या हक्कावर गदा आली तर मात्र फक्त मंत्र्यांनी आपसात चर्चा करायची. म्हणजे ज्या हक्कानं बाकीचे सगळे हक्क मिळवता येतात, नेमका तोच बिनदाताचा.

दात दिले तरी ते कुठं रुतवायचे हे शब्द ठरवतात. ग्वाटेमालाच्या आणि अमेरिकेच्या युनियननी 2008 मध्ये अमेरिका आणि मध्य अमेरिकी देश यांच्यातल्या व्यापार कराराखाली तक्रार केली. न्यायालयाचे आदेश असूनही काढलेल्या कामगारांना परत घेतलं जात नव्हतं. 2017 मध्ये निकाल लागला. कायदा अमलात आणण्यात कसूर झाली, हे निवाडा करणाऱ्या मंडळानं मान्य केलं. पण ती कसूर सातत्यानं आणि व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीनं झाली, हे करारातल्या शब्दांप्रमाणे सिद्ध झालं नाही. तक्रार फेटाळली गेली. नऊ वर्षं. एवढ्या काळात काही कारखान्यांचं नावही राहत नाही.

‘कामगार हक्कांच्या अटी म्हणजे श्रीमंत देशांची छुपी भिंत’

हा आक्षेप हलका नाही. 1996 मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांची परिषद झाली, तेव्हा कामगार हक्क व्यापार नियमांत आणण्याला अनेक विकसनशील देशांनी विरोध केला. त्यात भारतही होता. त्यांचं म्हणणं असं, की स्वस्त मजूर हीच आमची बाजू आहे. उद्या मजुरी कमी म्हणून आमचा माल अडवाल. शेवटी हा विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे सोपवायचं ठरलं. ती संघटना 1919 पासून आहे, तिच्याजवळ ज्ञान आहे, प्रतिष्ठा आहे. पण एखाद्या देशाचा माल अडवण्याची ताकद तिच्यापाशी नाही.

भीती खरी असली तरी दोन गोष्टींची त्यात गल्लत होते. मजुरी किती असावी, हा एक प्रश्न. मजुराला ती वाढवून मागता यावी का, हा दुसरा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मूलभूत मानलेल्या हक्कांच्या यादीत मजुरीचा आकडा कुठंच नाही: युनियन करण्याचा आणि एकत्र बोलणी करण्याचा हक्क, वेठबिगारी नको, बालमजुरी नको, भेदभाव नको, आणि 2022 पासून सुरक्षित व निरोगी कामाची जागा. गरीब देश गरीब म्हणून स्वस्त माल विकत असेल तर ती त्याची बाजू आहे. युनियन करणाऱ्याला तुरुंगात टाकून माल स्वस्त होत असेल तर ती त्या देशाची बाजू नव्हे, तिथल्या मालकाची.

शिवाय अट म्हणजे काठीच असते असं नाही. 1999 मध्ये अमेरिकेनं कंबोडियाशी कपड्यांचा करार केला, त्यात गाजर होतं: कारखान्यांतली स्थिती सुधारली तर निर्यातीचा कोटा, म्हणजे माल पाठवायची मर्यादा, वाढवून मिळेल. तपासणी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं करायची. निर्यातही वाढली आणि बऱ्याच कारखान्यांत सुधारणाही झाली. 2005 च्या आरंभी जगभरची कपड्यांची कोटा पद्धतच संपली आणि त्याबरोबर हे बक्षीसही गेलं. तपासणी चालू राहिली, धार गेली.

‘मग सरळ आयात शुल्कच वाढवा’

2018 मध्ये अमेरिकेनं आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. ॲरन फ्लॅन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट यांनी त्याचा हिशेब मांडला. वॉशिंग मशीन सुमारे 12 टक्क्यांनी महागली. ड्रायरवर काहीच शुल्क नव्हतं, तरी तोही तेवढाच महागला. दोन्ही जोडीनं विकली जातात, तेव्हा दुकानदार आणि कंपन्यांनी संधी साधली. नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या सुमारे 1,800. गिऱ्हाइकांनी जादा मोजलेले पैसे त्या नोकऱ्यांवर वाटले तर एका नोकरीमागे वर्षाला जवळपास 8 लाख 15 हजार डॉलर पडले. कामगाराला त्याचा अगदी थोडा भाग मिळाला असणार.

यात नवल नाही. भिंतीआड स्पर्धा कमी होते, कंपनीचा भाव वाढतो. वाढलेल्या नफ्यातला वाटा कामगाराला द्या, असं शुल्काच्या कायद्यात कुठं लिहिलेलं असतं? भिंतीच्या आत मोजक्याच कंपन्या उरल्या तर खरेदीदाराची मक्तेदारी उलट घट्ट होते. शुल्क कधीच लावू नये असं माझं म्हणणं नाही. उगवत्या उद्योगाला किंवा एकाएकी बुडणाऱ्या गावाला दम घ्यायला वेळ देण्यासाठी ते उपयोगी पडतं. पण उठून जाण्याची ताकद कोणाकडे, हे त्यानं आपोआप बदलत नाही.

‘हे सगळं यंत्रांमुळे झालं, व्यापाराचं नाव कशाला’

यंत्रांचा हात मोठा आहेच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं 2017 मध्ये श्रीमंत देशांतल्या राष्ट्रीय उत्पन्नातला मजुरीचा वाटा का घटला ते तपासलं. जवळपास निम्मी घट तंत्रज्ञानामुळे आणि त्याच्या साधारण अर्धी जागतिक व्यापार-गुंतवणुकीमुळे, असं त्यांना दिसलं. पण ही दोन्ही वेगवेगळी पात्रं नव्हेत. कंटेनर, संगणक, इंटरनेट नसते तर चार देशांत तुकड्यातुकड्यानं माल बनवताच आला नसता. आणि यंत्र कोणाचे श्रम वाचवतं, त्यातून वाचलेला पैसा कोणाकडे जातो, याचं उत्तर यंत्र देत नाही. ते त्याच टेबलावर ठरतं.

सिलाओमध्ये काय घडलं

1 जुलै 2020 रोजी नाफ्टाच्या जागी नवा करार आला. त्यात दोन अनोळखी कलमं होती. पहिलं: मोटार विनाशुल्क सीमा ओलांडणार असेल, तर तिच्या किमतीचा 40 टक्के, आणि पिकअप ट्रक असेल तर 45 टक्के भाग तासाला सरासरी किमान 16 डॉलर मजुरी असलेल्या कारखान्यांतून आलेला हवा. शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर ते हेच. पगाराचा आकडा व्यापार करारात खरोखर लिहिलेला असण्याचं हे दुर्मीळ उदाहरण. पण महागाई वाढेल तसा हा आकडा वाढेल, असं मात्र कुठं लिहिलेलं नाही.

दुसरं कलम जास्त कामाचं ठरलं. एखाद्या विशिष्ट कारखान्यात युनियनचा हक्क नाकारला जात असेल, तर तक्रार देशाविरुद्ध नव्हे, त्या कारखान्याविरुद्ध करता येते. महिने मोजावे लागतात, वर्षं नव्हे. आणि आरोप सिद्ध झाला तर त्याच कारखान्याचा माल सीमेवर अडतो.

मेक्सिकोतल्या सिलाओ इथं जनरल मोटर्सचा पिकअप ट्रकचा मोठा कारखाना आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये तिथल्या कामगारांनी जुन्या युनियनचा करार ठेवायचा की नाही यावर मतदान केलं, तेव्हा मतपत्रिका नष्ट केल्याचं निघालं आणि मतदान थांबलं. मे महिन्यात अमेरिकेनं नवं कलम वापरलं. ऑगस्टमध्ये देखरेखीखाली पुन्हा मतदान झालं आणि कामगारांनी जुना करार धुडकावला. 2022 च्या फेब्रुवारीत नव्या, स्वतंत्र युनियननं प्रचंड बहुमतानं निवडणूक जिंकली. मे महिन्यात साडेआठ टक्के पगारवाढ ठरली. ग्वाटेमालाची नऊ वर्षं आठवा. इथं एका वर्षात काम झालं, कारण अडणार होते ते ट्रक कंपनीचे होते.

मात्र या कलमाचा एक कोपरा फारसा कोणी वाचत नाही. मेक्सिकोतल्या कारखान्याविरुद्ध तक्रार सहज करता येते. अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कारखान्याविरुद्ध करायची, तर आधी त्या देशाच्या कामगार मंडळाचा आदेश त्या कारखान्याविरुद्ध असायला हवा. मिशिगनमध्ये पुन्हा कोणी दारात ट्रेलर उभे करून गुलाबी पाट्या लावल्या, तर सिलाओच्या कामगाराला मिळालेली ही वाट तिथल्या कामगाराला तेवढी मोकळी नाही.